बूट चढल्यावर बोलायचं नाही

ड्रुसिला कीपिंगला सगळी खाडी ड्रूमावशी म्हणायची. तिच्या हातचा पाव लोक मागून नेत, पण समुद्रावर निघालेला माणूस तिच्या दारावरून जात नसे.

न्यूफाउंडलंडच्या त्या खाडीत एक रीत होती. माणसाने लांब रबरी बूट पायात चढवले, की त्याचा धीर खचेल असा शब्द कुणी काढायचा नाही. काय सांगायचं ते बुटांआधी. ड्रुसिला नवी नवरी असताना बूट चढवलेल्या दिराला म्हणून गेली होती, "हेडलीभाऊजी, आजचं आभाळ मला बरं दिसत नाही." हेडली हसला, गेला, तो गेलाच. धुक्याला कुणी बोल लावला नाही, खडकालाही नाही. "मन खच्ची करून पाठवलंस त्याला," सासू एवढंच म्हणाली. गावाने ते उचललं.

पुढे नवरा छातीच्या दुखण्याने गेला. मुलगा गार्लंड अँब्रोजच्या जोडीने कॉड मासळीच्या बोटीवर जाऊ लागला. तो बूट चढवायला बसला की ड्रूमावशी पाठ फिरवून चुलीशी काहीतरी करत राही.

जूनमधल्या एका सकाळी गार्लंड बूट घालून न्याहारीला बसला होता. तिने सहज खिडकीकडे पाहिलं. बाहेर गार्लंड उभा होता. डोक्यावर टोपी नाही, केसांतून पाणी निथळतंय, तोंड जरासं उघडं. तिच्या पाठीमागे टेबलावर चमचा वाजत होता.

जिवंत माणसाचं असं भिजलेलं रूप दिसलं, की तो बुडणार, हे त्या किनाऱ्यावर पोरासोरांनाही ठाऊक असतं. तिने काच पुसली. तो तिथेच.

बोलावं, तर हा हसून जाणार, आणि हेडलीसारखाच खचून जाणार. न बोलावं, तर हे समोर.

"गार्लंड, बूट काढ."

"का गं?"

"जमीन आत्ता घासलीय मी. चिखल बघ तुझा."

"निघालोच आहे ना आता. अँब्रोज धक्क्यावर शिव्या घालत असेल."

"घालू दे. त्याला दुसरं येतंय काय? काढ, बाळा."

त्याने कुरकुरत बूट उतरवले, उलटे करून पाहिले. तळ कोरडे होते, चिखल नव्हताच. त्याने मान वर केली.

"आज जाऊ नकोस," ती म्हणाली. "मी तुला बाहेर पाहिलंय."

गार्लंडचा चेहरा उतरला. खिडकीत आता कुणी नव्हतं.

अँब्रोज एकटाच गेला. समुद्र दिवसभर ताटातल्या पाण्यासारखा होता. बोट भरून आली. "काय रे, आईने पाळण्यात घातलं वाटतं?" अँब्रोजने दारातूनच टोमणा मारला. एरवी गार्लंडने त्याला सवाई उत्तर दिलं असतं. या वेळी त्याने अनोळखी माणसाकडे बघावं तसं अँब्रोजकडे पाहिलं.

त्यानंतर त्याने बूट घातले नाहीत. काही दिवस जाळी विणली, मग तेही सोडलं. हिवाळा खुर्चीत काढला. वसंतात ड्रूमावशीनेच बूट पुसून त्याच्यासमोर ठेवले.

"जा. मी अवाक्षर काढणार नाही."

"जायचा तो त्याच दिवशी गेला, आई."

राग अजून गेला नाही याचा, असं तिला वाटलं. तिने चहा ओतला, लहानपणापासून त्याला लागायची तशी दोन चमचे काकवी घातली आणि कप पुढे सरकवला. त्याने एक घोट घेतला आणि परक्या घरी ठेवावा तसा कप हलकेच खाली ठेवला.

"यात काय घातलंय?" त्याने विचारलं.