दुसरा पेला

आईच्या ओठांशी आलेला पेला पाद्रीसाहेबांनी मागं घेतला. आई गुडघ्यांवर होती, डोळे मिटून. तोंड उघडंच राहिलं. मागं पाटलाचा चुलतभाऊ नुसता खाकरला होता. त्यानं नुकताच घरच्यांसकट बाप्तिस्मा घेतला होता. प्रभुभोजनाचा चांदीचा पेला आधी त्यांच्याकडं गेला. मग आमच्यासाठी कथलाचा आला.

आमी मूळचे महार. गेवराईकडचं गोदाकाठचं गाव, निजामाचं राज्य. मेलेली ढोरं ओढायची, अंमलदाराच्या घोड्यापुढं पळायचं. लूथरपंथी मिशन आलं. त्यांच्या शाळेत मी शिकले, पुढं तिथंच लहान पोरांना शिकवू लागले. बाप्तिस्मा झालेलं प्रत्येक माणूस देवापुढं याजक, म्हणजे पुजारीच, असं त्यांनीच शिकवलं. आईला ते सांगितलं तेव्हा ती लई रडली होती.

प्रार्थना संपल्यावर साहेबांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, देवाची दोन राज्यं असतात. आत्म्याच्या राज्यात सगळे सारखे. जगाच्या राज्यात सरकार, पाटील, रीतभात. ती मोडणं आपलं काम नव्हे. बापानं पाटलाच्या फुकटच्या वेठीचं विचारलं होतं, तेव्हाही हेच उत्तर.

मी म्हणाले, "मग साहेब, ह्यो दुसरा पेला कोन्या राज्यातला हाय?"

साहेबांनी चष्मा पुसला. "शिकलीस, म्हणून उद्धट झालीस."

पुढच्या वेळी कथलाचा पेला आला तशी मी उठले. आईला हाताला धरून उठवलं. दोघी बाहेर पडलो. माझी शाळेतली नोकरी गेली. बाप एवढंच बोलला, "धर्म बदलला, वेस न्हाई बदलली."

उन्हाळ्यात पटकी आली. आई गेली. साहेबांचा निरोप आला: लेकीनं सगळ्यांसमोर माफी मागावी, तरच मूठमाती देऊ. बापानं माझ्याकडं पाहिलं. आई अंगणात झाकून ठेवलेली. ऊन चढत होतं.

मी न्हाई म्हणाले.

बापानं नदीच्या वरच्या माळावर खड्डा खणला. प्रार्थना मी म्हटली. बाईच्या जातीनं. आमचे लोक आधी लांब उभे होते. मग एकेक जण जवळ आला.

देव मी सोडला नाही. सोडणारही नाही. आता आमच्यातलं कुणी गेलं की मला बोलावतात, मी जाते. काल पाटलाचा माणूस वेठीला बोलवायला दारात आला. बापाच्या आधी मी उठले. आमच्या घरातून कुणी येणार न्हाई, म्हणाले. तो काठी आपटून गेला. उद्या चार जण घेऊन येईल. येऊ दे. दारात मीच उभी राहणार.