आठव्या पोर्टची वायर

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर तोंडावर हसले. मेंढरांमागे रानात चाळीस वर्षं काढली. लांडगे पाहिले, भूत एकदाही नाही. तरी हे लिहितेय... कारण मी तिथं होते. शिक्षण चौथी, पण डोळे चांगले आहेत.

माझी लेक रेखा आपल्या संभाजीनगरात एका दवाखान्यात कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळते. आमच्या घरात मेंढरं सोडून दुसरं काही सांभाळणारी ती पहिलीच. नोकरी कच्ची. पक्की करायची की नाही, ते तिचे साहेब ठरवणार.

त्या रविवारी ती कन्सोल सर्व्हर बसवत होती. म्हणजे एक चपटा डबा, त्याला आठ सिरीयल पोर्ट. एकेका पोर्टातून एकेका मशीनला वायर जाते. सगळं नेट बंद पडलं तरी या डब्यातून मशीनशी बोलता येतं. डब्याला तिनं वायरलेसही दिलं — मशीनच्या खोलीला कुलूप असलं तरी बाहेर बसून लॅपटॉपवर काम व्हावं म्हणून. पण ते लॅपटॉपपासून डब्यापर्यंतच; पुढं मशीनपर्यंत वायरच लागते. मी बीपी दाखवायला आले होते, नंबरला वेळ होता.

"माय, रिकामी बसू नको. वायरींना धागे बांध. दोन्ही टोकांना एकच रंग."

हे मला शिकवायचं? मेंढी आणि तिचं कोकरू चुकू नये म्हणून आम्ही दोघांच्या गळ्यात एकाच रंगाची लोकर बांधतो. एक जोडी मात्र बिरोबाची म्हणून बिनधाग्याची सोडतो. हात सवयीनं चालला. सात वायरी बांधल्या, आठवी तशीच ठेवली. रेखाला ती जादाची वाटली. सात लावून झाल्या आणि माझा नंबर पुकारला. मोजायचं राहिलं. साहेबांनी खोलीला कुलूप घातलं.

मंगळवारी सकाळी मी गोळ्या न्यायला गेले, तर पळापळ. आठवं मशीन अडकलेलं, लॅबचे रिपोर्ट ऑपरेशनच्या खोलीत जाईनात — आणि आत एक बाई टेबलावर. किल्ली साहेबांच्या खिशात, साहेब पाहुण्यांबरोबर वेरूळला.

"तासभर लागेल मॅडम," ते फोनवर म्हणाले. "मग तुमचा तो डबा काय पूजेला बसवलाय?"

रेखा कुलपाबाहेर फरशीवर बसली. वायरलेसनं डब्यात शिरली, आठवं पोर्ट उघडलं. मशीननं पासवर्ड विचारला, तिनं दिला. पाच मिनिटांत रिपोर्ट सुरू. ती बाई वाचली.

साहेब आले, कुलूप काढलं. आठवी वायर डब्यावर गुंडाळून पडलेली — दोन्ही टोकं मोकळी! रेखानं पुन्हा आठवं पोर्ट उघडलं. पडदा कोरा.

"अहवालात वायर लावली होती असं लिहा," साहेब हळूच म्हणाले. "नाहीतर तुमची पक्क्या नोकरीची ऑर्डर अडकेल."

"नाय साहेब. वायर राहिली ही माझी चूक. आणि मशीन बोललं, हेही खरं."

"माझीही चूक लिही," मी म्हटलं.

"तू गप, माय."

"आणि कारण काय लिहिणार?" साहेबांनी विचारलं.

तिनं लिहिलं — कारण माहीत नाही. खाली पूर्ण नाव घालून सही केली.

नंतर इंजिनियर येऊन डबा खोलून गेले, त्यांनाही उलगडलं नाही. नोकरी अजून कच्चीच आहे. साहेबांनी तो कागद दोनदा परत पाठवला. दोन्ही वेळा माझ्या लेकीनं तेच तीन शब्द लिहून दिले.