खंडेनवमीला यंत्रापुढे ठेवलेली चित्रे

१९९१ : मुलांचे मासिक सुरू करणाऱ्या छापखान्याचे मालक. १९९७ : तो छापखाना मासिकासकट घेणारे इचलकरंजीचे व्यापारी. २००४ : त्यांच्याकडून सगळे घेणारी मुंबईची कंपनी. या तिघांना मी जबाबदार धरतो. त्यांच्या खरेदीखतांचे मसुदे करणाऱ्या वकिलांनाही सोडत नाही.

माझे मेहुणे त्या मासिकाला चित्रकथा देत. कायम चुकीच्या दारात पत्र टाकणारा, शेपूट असलेला पोस्टमन ही त्यांची निर्मिती. ते तिथे नोकर नव्हते. चित्रे घरी काढून सायकलवरून पोचवीत.

खंडेनवमीला छापखान्यात यंत्राची पूजा होई. मेहुणे आपला कुंचला आणि वर्षभराची मूळ चित्रे यंत्रापुढे मांडत. दसऱ्याला कुंचला तेवढा उचलून आणत. चित्रे मालकांच्या कपाटात जात. देवापुढचे परत मागू नये, ही त्यांची श्रद्धा. मी कोर्टात कारकुनी केलेला. निदान पोच घ्या म्हणालो, तर हसले.

छापखाना विकला तेव्हा कपाटही गेले. दुसऱ्या विक्रीत चित्रांची यादी झाली आणि तिच्याखाली ‘पात्रासह सर्व हक्क’ असे कोणीतरी घुसडले. जे आपले नव्हतेच ते एकाने विकले, दुसऱ्याने न विचारता घेतले. त्या कागदाची मला आजही किळस येते.

आम्हाला हे कळले नोटिशीतून. मेहुण्यांनी कोडोलीच्या बालवाडीच्या भिंतीवर पोस्टमन रंगवला, त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला, आणि कंपनीने त्यांनाच बजावले : पात्र आमचे, भिंत पुसा, पुन्हा काढू नका.

नोटीस मी वाचून दाखवली. सत्तरीच्या मेहुण्यांनी एवढेच विचारले :

“दाजी, म्हंजे आता त्याला मी काढायचाच न्हाय व्हय?”

मग ते चुन्याचा डबा घेऊन कोडोलीला निघाले. मी डबा काढून घेतला.

इचलकरंजीला जाऊन व्यापाऱ्यांना जाब विचारला. “पावणं, पूजेत ठेवली म्हंजे दिलीच की,” एवढे बोलून त्यांनी चहा मागवला. मी तो घेतला नाही. पूजेला खरेदीखत समजणारा हा माणूस पदवीधर आहे.

कंपनीला मी अकरा पत्रे पाठवली. उत्तर एकच : मूळ चित्रे आमच्या ताब्यात आहेत. ताबा म्हणजे मालकी नव्हे. चित्रावरचा हक्क सोपवायचा तर तो लेखी, सहीनिशीच सोपवावा लागतो.

चुन्याचा डबा अजून माझ्या घरी आहे आणि मेहुण्यांनी कुंचला हातात धरलेला नाही. कंपनीने त्यांच्या सहीचा एक कागद दाखवावा. नसेल तर तसे लिहून द्यावे, मला नव्हे. ज्या वर्तमानपत्रात त्या भिंतीचा फोटो आला, त्यातच, मेहुण्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत.