रोलमधला शेवटचा फोटो

आमच्या गल्लीत बाय लाय मावशीला प्रेमळ म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. ती डूख धरते. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याने एकदा तिच्या ग्लासात बर्फच जास्त घातला, तेव्हापासून त्याच्या दुकानासमोरून जायची वेळ आली की ती सावली सोडून पलीकडच्या उन्हातून जाते. साठी ओलांडली तरी दिवसभर मशीनवर बसून आओ याय शिवते, ते आमचे दोन्ही बाजूंनी चिरलेले लांब झगे, आणि शिवता शिवता कोणाला तरी शिव्या घालत असते. घरातलं सहावं मूल म्हणून ती बाय, म्हणजे सातवी. सायगावात थोरल्यालाच दोन म्हणतात, भुतांना पत्ता लागू नये म्हणून.

शिव्यांमधल्या निम्म्या एकट्या खिएमच्या वाट्याच्या. आणि खिएमच्या बाबतीत मी पूर्णपणे तिच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर मला कोणी न्याय शिकवायला येऊ नये.

हा खिएम मोठा फोटोग्राफर. मासिकांसाठी फॅशनचे फोटो काढतो, तेही अजून फिल्मवर. मी त्याच्या कामांवर मेकअप करते. सगळे त्याला मास्तर म्हणतात आणि तो सगळ्यांना गाढव म्हणतो. त्याचं नाव झालं ते एका फोटोमुळे. फूलबाजारामागे कालव्याच्या पायऱ्यांवर पांढऱ्या आओ यायमधली एक मुलगी पाठमोरी उभी आहे आणि झग्याचा मागचा पाखा वाऱ्याने उडालाय. कॅलेंडरवर, चहाच्या डब्यांवर, विमानतळावरच्या दुकानांत, सगळीकडे तो फोटो, खाली नाव खिएम. मुलगी कोण, असं विचारलं की तो डोळे मिटून सांगायचा, "कोण जाणे. वाऱ्यासारखी आली आणि गेली."

ती कुठेही गेलेली नव्हती. ती बाय मावशीच होती, आणि तो फोटो तिच्या नवऱ्याने, तोआनने काढला होता. खिएम तेव्हा तोआनच्या बॅगा उचलायचा आणि दोन्ही वेळा मावशीच्या हातचं जेवायचा.

त्या दिवशी पायऱ्यांवर काम संपलं तेव्हा रोलमध्ये एकच फोटो उरला होता. खिएम म्हणाला, "वाया कशाला घालवायचा? आपण तिघं उभे राहू." मावशी नको नको म्हणत होती. तिघांचा फोटो काढत नाहीत, मधला माणूस आधी जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. खिएम हसला. "वहिनी, तुम्ही अजून खेड्यातच राहिलात." कॅमेरा कठड्यावर ठेवून त्याने आपोआप फोटो निघायची कळ दाबली, पळत आला आणि तोआनला खांद्याला धरून मध्ये ओढलं. स्वतः कडेला उभा राहिला. पुढचं तेत, म्हणजे नवं वर्ष, लागायच्या आतच बिएन होआच्या रस्त्यावर तोआन ट्रकखाली गेला.

अंत्ययात्रेत सगळ्यांत मोठ्याने खिएम रडला. रडून झाल्यावर "मी सांभाळून ठेवतो, वहिनी" म्हणत कॅमेरा आणि निगेटिव्हचा डबा घेऊन गेला. आयत्या बिळावर नागोबा. फोटो त्याच्या नावाने छापून आला तेव्हा मावशी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत जाऊन भांडली. दुःखाने शिंपिणीचं डोकं फिरलंय, असं म्हणून त्यांनी तिला पाणी दिलं आणि वाटेला लावलं. तिला हवं होतं ते एवढंच, की त्या फोटोखाली तोआनचं नाव यावं. आणखी एक हवं होतं, ते ती बोलत नव्हती, पण मला कळत होतं. खिएमचं वाईट व्हावं.

एकदा जेवताना मी सहज बोलून गेले, "मावशी, मास्तर कधीच तीन मुली एका फोटोत घेत नाही. परवा तिसरी आली तर शहाळंवालीला ओढून चौथी उभी केली. म्हणाला, रचना चांगली दिसते."

मावशीचा घास हातातच राहिला. "मुलाखतीत तर म्हणतो, असलं सगळं अडाण्यांचं खूळ."

"मुलाखतीत म्हणतो. मी तुला डोळ्यांनी पाहिलेलं सांगतेय."

"चोराच्या मनात चांदणं," ती म्हणाली आणि त्या दिवशी तिने भात दुसऱ्यांदा वाढून घेतला.

मग या वर्षी मासिकाने ठरवलं की तो जुना फोटो नव्याने काढायचा. तोच कालवा, त्याच पायऱ्या, तसेच जुने आओ याय, सगळं फिल्मवर. संपादिका क्वेन हनोईची, वयाने लहान, उत्साहाने उतू जाणारी. तिला अगदी त्या काळातला पांढरा झगा हवा होता. मी म्हटलं, आमच्या गल्लीत आहे एका बाईकडे. मावशीने तो कापराच्या गोळ्यांतून काढला, इस्त्री केला आणि भाड्याचं विचारल्यावर म्हणाली, "काही नको. मी स्वतः घेऊन येईन."

सकाळी कालव्यावर ती आली तेव्हा एका हातात झगा होता आणि दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. खिएमच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्याने हसू आणलं. "वहिनी! किती वर्षांनी!"

"हो ना भाऊजी. वाऱ्यासारखी आले."

दिवसभर ती पायरीवर बसून राहिली. मॉडेलच्या झग्याची चुणी नीट करायची, पुन्हा जाऊन बसायची. खिएम गळ्यात चौकोनी कॅमेरा अडकवून वरून काचेत बघत होता आणि ओरडत होता. हनुवटी वर, गाढवा. आरसा इकडे, गाढवा. मधल्या सुट्टीत क्वेनने त्याची मुलाखत टिपून घेतली, त्यातही तो म्हणालाच, "मी अंधश्रद्धा मानत नाही. कलावंताला ते परवडत नाही."

ऊन उतरलं, मॉडेल कपडे बदलायला गाडीत गेल्या आणि मावशी उठली.

"मास्तर, रोलमध्ये काही उरलंय का?"

"एक आहे," मीच सांगून टाकलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पुढची कामं गेलीच समजा.

"मग वाया कशाला घालवायचा?" मावशी गोड आवाजात म्हणाली. "संपादिकाबाई, तुम्ही, मी आणि मास्तर. मास्तरांचा मान मोठा, ते मध्ये."

क्वेनने टाळ्या वाजवल्या. "वा! मुलाखतीच्या पानावर हाच छापू!"

"तिघांचा?" खिएम म्हणाला. "रचनेला बरं नाही दिसत. कोणाला तरी बोलवा. चौथं कोणीतरी हवं." त्याने आजूबाजूला पाहिलं. आणि काय गंमत, ज्यांना त्याने दिवसभर गाढव म्हटलं होतं त्या सगळ्यांना एकदम कामं आठवली. कोणी दिव्याची वायर गुंडाळायला लागलं, कोणी बुटाची नाडी बांधायला वाकलं.

"का हो भाऊजी?" मावशी म्हणाली. "मी खेड्यात राहिलेय. तुम्ही तर शहाणे."

क्वेन हसली. "मास्तर, तुम्ही घाबरलात की काय? दुपारीच तर म्हणालात!"

त्याच्या कानशिलावरून घाम ओघळला. मला इतका आनंद झाला की लपवायला मी पावडरच्या डब्यात डोकं घातलं.

"असू दे," मावशी म्हणाली. "तुमची भीती मला कळते. चौथा मी घेऊन आलेय." तिने कापड सोडलं. आत तोआन होता, देव्हाऱ्यावरची त्याची तसबीर, काळ्या चौकटीतली.

खिएम एक पायरी मागे सरला. पण दुसरा चौथा माणूस दिसत नव्हता, आणि क्वेन आ वासून बघत होती. "चालेल," तो पुटपुटला. "तोआनदादा चालेल."

"असं कसं? मेलेला माणूस बोलावल्याशिवाय येतो का? नुसती काच आणि लाकूड आहे हे. बोलाव त्याला." ती आता भाऊजीवरून अरेतुरेवर आली होती. पायरीच्या फटीत तिने तीन उदबत्त्या खोचून पेटवल्या. उदबत्त्या तीन चालतात. "नाव घे, काय काम करायचा ते सांग, मग ये म्हण. घरी पूजेला म्हणतात तसं."

खिएमने हात जोडले. "तोआनदादा... फोटोग्राफर... ये."

"कोणते फोटो काढायचा?"

"वहिनी..."

"कोणते? तो समोर आहे. त्याच्या तोंडावर खोटं बोलायचं असेल तर बोल बाबा. मधली जागा तुझीच आहे."

कालव्यातून एक होडी फटफट करत गेली. मग खिएम उदबत्त्यांकडे बघत, एखाद्या मारकुट्या पंतोजीसमोर उभं असल्यासारखं एका दमात बोलला, "ह्या पायऱ्यांवरचा, पांढऱ्या आओ यायमधल्या मुलीचा फोटो तोआनदादाने काढला. मी नाही. ती मुलगी वहिनी. दादा, ये."

क्वेनची वही उघडी होती, पण ती लिहायचंच विसरली होती. मग एकदम भराभर लिहायला लागली.

"आला हं," मावशी म्हणाली. "चल, उभा राहा. उत, तू दाब गं बटण." उत म्हणजे मी, शेंडेफळ.

मी कॅमेरा घेतला आणि वरून काचेत पाहिलं. त्या काचेत डावं उजवीकडे दिसतं आणि उजवं डावीकडे. एका कडेला क्वेन, मध्ये खिएम, दुसऱ्या कडेला मावशी, छातीशी तसबीर धरलेली. खिएमला आता धीर आला होता. मान ताठ करून तो माझ्याकडे, म्हणजे भिंगाकडे बघत होता.

"तीन म्हणते तेव्हा," मी म्हटलं. "एक, दोन..."

मावशीने तसबीर फिरवली. मनगट एवढंसं हललं आणि तोआनचं तोंड तिच्या छातीला लागलं. बाहेर राहिला नुसता तपकिरी पुठ्ठा आणि खिळ्याची कडी. मला काचेत स्वच्छ दिसलं. माझ्या मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनाही दिसलं असणार. कोणी चकार शब्द काढला नाही.

"तीन," मी म्हटलं आणि दाबलं.

मोबाइल असता तर त्याने तिथल्या तिथे बघून पुसला असता. फिल्म धुऊन येईपर्यंत आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात मास्तर मजेत होता म्हणे. मग प्रिंट आल्या. तो क्वेनकडे धावला, हा फोटो छापू नका म्हणाला. का, असं तिने विचारलं. काय सांगणार? त्याच अंकात, त्याच पानावर छापायचं होतं की मास्तर अंधश्रद्धा मानत नाहीत.

छापला. पूर्ण पान. समोरच्या पानावर जुना फोटो, खाली तोआनचं नाव आणि बाय लायचं नाव. एक निगेटिव्ह जाळता येते. न्हाव्याच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत पसरलेला अंक कोण जाळणार? मावशीने एक प्रत आणली, ते पान चौकटीत घातलं आणि देव्हाऱ्यात तोआनच्या समोर ठेवलं, त्याला नीट दिसेल असं.

खिएम अजून जिवंत आहे. मोटारसायकलवर बसायचं त्याने सोडलंय. जिना उतरताना कठडा धरतो. ट्रकचा भोंगा वाजला की भिंतीला चिकटतो. मावशी मला दर रविवारी विचारते, "खिएम कसा आहे?" मी म्हणते, "बराय, थोडा खोकला आहे." मग तिला जेवण गोड लागतं.

तोआनच्या श्राद्धाला तो आला होता. फळांची टोपली घेऊन दारात उभा, निम्मा झालेला. चपलासुद्धा काढायचं धैर्य होत नव्हतं.

"वहिनी, तुम्ही सांगाल तिथे नाव लिहून देतो. डबा आणलाय, सगळ्या निगेटिव्ह आहेत. फक्त आपण पुन्हा एक फोटो काढू. चौघांचा. पाया पडतो."

मावशीने डबा घेतला. फळांची टोपली तोआनसमोर ठेवली. मग दार लोटता लोटता म्हणाली, "रोल संपला रे, खिएम."