मेली म्हणजे काय

लिहिणं हा माझा धंदा, आणि हे एक सोडून जवळजवळ सगळं लिहून झालंय. नवऱ्याला सांगितलं नाही. आईला तर नाहीच — तिलाच मी साक्षीला ओढलं होतं. तुम्हाला सांगते, कारण तुम्हाला मराठी येतं. पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

केंब्रिजजवळच्या एका गावात एका इंग्रज कादंबरीकार बाईंचं घर आहे. बाई केव्हाच गेल्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांची पुरेशी जाहिरात झाली आहे. त्यांचं लहानपण देवळालीच्या छावणीत गेलं, आणि त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या कादंबरीत तिथली एक आया आहे. तिचं नाव मेली.

आता मला सांगा, कुठले आईबाप मुलीचं नाव मेली ठेवतील? बंगल्यावरचा खानसामा तिच्यावर डाफरायचा — कुठे उलथली मेली, बोलवा मेलीला — आणि जेमतेम बोलायला लागलेल्या गोऱ्या पोरीनं ते नाव म्हणून उचललं. त्या पोरीला मी काही म्हणत नाही. पण ती मोठी झाली, लेखिका झाली, सभांमधून त्या आयाबद्दल गहिवरून बोलली. जिनं आपल्याला न्हाऊमाखू घातलं तिचं नाव काय, हे जन्मभरात एकदाही कुणाला विचारावंसं वाटलं नाही?

आणि मग त्या शिवीचं काय काय झालं ते बघा. घराला लागून ‘मेलीज’ नावाचं टीरूम आहे. दुकानात मेलीची कापडी बाहुली मिळते, नाकात चमकीसकट. मेलीचे टी-टॉवेल मिळतात. त्यांनी लोक बशा पुसतात. टीव्हीवर मालिका आली तेव्हा लहान मुलांच्या नर्सरींनी हे नाव घेतलं, आणि मायाळू दाईला ‘अ रिअल मेली’ म्हणायची रीत पडली. विद्यापीठातली मंडळी लिहितात की बाईंनी मुक्या हिंदुस्थानी नोकरांना आवाज दिला. आवाज? साधं नाव दिलं नाही.

बरं, आपले लोक? इथल्या मराठी मंडळाची ट्रिप तिथे गेली होती, मीही होते. डॉक्टर, आयटीवाले, त्यांच्या बायका, सगळे बाहुलीशेजारी उभे राहून फोटो काढत होते. एकजण म्हणाला, “अगं ए मेली, इकडे बघ,” आणि सगळे हसले. म्हणजे अर्थ सगळ्यांना माहीत होता. त्यातल्या एकानंही काउंटरवर जाऊन तो सांगितला नाही. मी चिडले होते. घरी येईपर्यंत ट्रेनमध्ये चिडलेलीच होते.

पण चिडायचा हक्क मला कुठून आला? त्या घरात मेलीबद्दल जो बोर्ड आहे, त्यावरचं वाक्य माझं आहे.

सांगते. बाईंच्या घराचं म्युझियम झालं तेव्हा मी त्याच भागातल्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात वार्ताहर होते. ही दोन हजारनंतरची पहिली काही वर्षं. पुण्यात डेस्कवर घडलेली, आणि इथल्या न्यूजरूममध्ये एकटी मराठी. संपादक म्हणाला, तुझीच भाषा आहे, तू जा.

म्युझियमच्या ट्रस्टनं त्या आयाची नात शोधून काढली होती. डॉ. कांबळे, इल्फर्डच्या निवृत्त जीपी. ट्रस्ट चालवणाऱ्या हेलनला त्या उद्घाटनाच्या फोटोत हव्या होत्या, ‘मेलीची नात’ म्हणून. डॉक्टर आदल्या दिवशीच येऊन थडकल्या. मुलांच्या खोलीत, जिथे आयाबद्दलचा बोर्ड लागायचा होता, तिथे उभ्या राहून त्यांनी हेलनला स्वच्छ सांगितलं: हे नाव नाही, खानसाम्याच्या तोंडची शिवी आहे. माझ्या आजीचं नाव सोनाबाई. बोर्डवर ते लिहा, नाहीतर मला फोटोत बोलावू नका.

हेलनचा चेहरा पडला. वाईट बाई नव्हती ती. बाहुल्या शिवून आल्या होत्या, टीरूमची पाटी रंगवून झाली होती. ती माझ्याकडे वळली. तुम्ही पत्रकार आहात, तटस्थ आहात. ही खरंच शिवी आहे का?

मी काय म्हणाले? मी म्हणाले की ते कोण कसं म्हणतं त्यावर आहे. माझी आई मलाही लाडानं मेली म्हणते.

यातला शब्द न् शब्द खरा आहे, तपासून घ्या. बातमीत हे वाक्य कुणी खोडलं नसतं. आईच्या तोंडी ते लाडच असतात. आणि असं खरं बोलूनच मी त्या खोलीत खोटं बोलले.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. मग मराठीत म्हणाल्या, “तुझी आई तुला म्हणते, ते तिचं ती निस्तरेल. तो खानसामा माझ्या आजीची आई होता का गं?”

हेलननं विचारलं, काय म्हणाल्या? डॉक्टरांना इंग्रजी माझ्याहून चांगलं येत होतं. त्यांनी फक्त माझ्याकडे बोट केलं. “आस्क हर. शी इज द जर्नलिस्ट.”

ही संधी होती. दुसऱ्यांदा दिलेली. एक वाक्य जसंच्या तसं भाषांतर करायचं होतं, आणि तेवढंच काम मला आयुष्यात नीट येतं. मी म्हणाले, “शी सेज इट डिपेंड्स ऑन द टोन.”

डॉक्टर हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कोट घातला, हेलनला थँक्यू म्हणाल्या आणि निघून गेल्या. उद्घाटनाला आल्या नाहीत.

का केलं मी असं? हेलननं मला नावानं हाक मारली होती, म्हणून? त्या खोलीत मी पहिल्यांदाच पाहुणी नव्हते, म्हणून? की कांबळे हे आडनाव ऐकल्यावर माझ्या आत काहीतरी सैल पडलं होतं? खोलीत गेल्यापासून मी त्यांना काकू म्हणत होते. एकदाही डॉक्टर म्हणाले नव्हते. माझ्या मावशीच्या वयाची जोशी आडनावाची जीपी तिथे उभी असती, तर मी तिचं वाक्य असं बदललं असतं का? नसतं.

मी बातमी दिली. ‘मेली: एक मराठी लाडाची हाक.’ ट्रस्टनं ते वाक्य उचलून बोर्डवर घातलं. मग माहितीपुस्तिकेत, मग टी-टॉवेलवर. दुसऱ्या पेपरांनी तिथून घेतलं. एका लेखात मी ‘मराठीच्या जाणकार’ आहे. बाईंनी नकळत केलेल्या चुकीला अर्थ मी पुरवला, तोही जाणूनबुजून.

काही वर्षांनी डॉ. कांबळे गेल्याचं मंडळाच्या ईमेलमधून कळलं. त्याच हिवाळ्यात हेलनचा फोन आला. बोर्ड जुना झालाय, नवा करतोय, मजकूर एकदा बघाल का? त्या डॉक्टर तेव्हा काहीतरी वेगळं म्हणत होत्या ना, तिनं विचारलं. ती विसरली नव्हती. आता मला तोंडावर खोटी म्हणायला कुणी नव्हतं, आणि खरं सांगून माझं काही जाणारही नव्हतं. फार तर जुन्या बातमीखाली एक चार ओळींची दुरुस्ती आली असती.

मी म्हणाले, आहे ते बरोबर आहे, तसंच राहू द्या.