चमचाभर विरजण

संध्याकाळी शेजारची नवी सून वाटी घेऊन आली. "काकू, विरजण आहे? आमचं दही सगळं संपलं."

"घे की. गेल्या महिन्यात तुझ्या सासूबाईंकडूनच आणलं होतं, आता माहेरी जाईल," बायको हसली.

"जरा आंबट आहे का हो?"

"आंबटच हवं गं. नुसत्या गोड दुधाचं कधी दही लागलंय का?"

मी शेजारीच टेबलाशी बसलो होतो, अडलेली गोष्ट पुढ्यात घेऊन. तिच्यातला मुलगा आजारी वडिलांना भेटायला निघतो आणि त्याची गाडी चुकते. त्यापुढे महिनाभर एक ओळ सरकली नव्हती. सरकणार कशी? माझी गाडी कुठे चुकली होती! वडिलांना तसं अंथरुणाला खिळलेलं बघायची भीती वाटली आणि मी घरातून निघालोच नाही. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

चुकलेली गाडी खोडली. लिहिलं, 'गाडी वेळेवर आली. तो घरीच बसून होता.' मग गोष्ट अशी धावली, की जेवायची हाकही ऐकू आली नाही.

शेवटी उठलो, तर बायको दुधाला विरजण लावून झाकण ठेवत होती. "आता सारखं उघडून बघू नका हं!"

"तूच बघ," मी म्हटलं आणि कागद तिच्या हातात दिले.