तळाची वांगी

सुभद्राबाई वांगी घेताना टोपलीकडे बघायच्याच नाहीत. तोंड दुसरीकडे फिरवून हात थेट तळाशी घालायच्या, हाताला लागतील ती बारा वांगी बाहेर काढायच्या आणि त्यात किडकी किती निघतात ते पाहून त्या टोपलीतलं घ्यायचं की नाही ते ठरवायच्या. धाड गावच्या बाजारात हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पुण्याहून बुलढाण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला नुकताच आलो होतो, आणि अंगात शहाणपणा नको तेवढा होता. म्हटलं, "बाई, बघून चांगली घ्या की!"

"मले काय शिकवता सर? भाजीवाल्याची पोर हाय मी. बापाच्या टोपलीत वरतं चांगले वांगे मीच रचत होती!" आणि खळखळून हसल्या.

आमच्या विभागात त्या एकट्याच बाई. वर्गातही बोली सोडायच्या नाहीत. "काऊन बे, झोप लागून राह्यली का?" म्हणाल्या की मागचा बाक खाडकन जागा व्हायचा. मी आधी नाक मुरडलं, पण वर्षभरात त्यांच्या संशोधनात सहकारी झालो. विषय त्यांनी निवडला होता: तेलातलं गंधक काढून टाकणं. "घासलेटच्या चिमणीपाशी शिकली मी. त्या धुरानं माहे डोये खाल्ले," म्हणायच्या. आम्ही एक पूड तयार करत होतो. गरम तेल आणि हायड्रोजन तिच्यावरून गेले की तेलातलं गंधक सुटून वेगळं व्हावं, अशी. त्या पुडीतले कण एका मिलिमीटरच्या दहा लाख भागांतले चार-पाच भाग भरतील एवढे बारीक. ते सुटे राहिले तरच पूड काम करणार. वापरून ते एकमेकांना चिकटले की संपलं.

असले कण साध्या सूक्ष्मदर्शकाला थोडेच दिसतात! इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक होता दूरच्या शहरातल्या एका संस्थेत, आणि आम्हाला त्यावर मिळायचा वर्षातून एक दिवस. बुलढाण्याहून एसटीने शेगाव, तिथून रेल्वे. वापरलेल्या पुडीची बंद बाटली बाई मांडीवरून खाली ठेवत नसत. यंत्रावरचे गृहस्थ भले, ते आमच्यासाठी नमुन्यातली देखणी जागा शोधू लागले. बाईंनी त्यांना थांबवलं. "भाऊ, डोये मिटा न चाकी फिरवा. जिथं थांबन, तिथला फोटू काढा." ते माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघितलं.

असे बारा फोटो निघाले, काचेच्या प्लेटांवर. तिनांत कण ताटात सांडलेल्या मोहरीसारखे सुटे सुटे. उरलेल्या नवांत नुसते गोळे.

या पुडीवरच्या आमच्या शोधलेखावर माझी नोकरी कायम होणं आणि बाईंची डॉक्टरेट, दोन्ही टांगलेलं होतं. लेख मी टाइप केला. त्यात मोहरीचा एक फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'वापरानंतरचा प्रातिनिधिक नमुना'. बाईंनी वाचून कागद टेबलावर ठेवला.

"सर, हे वरचं वांगं हाय."

"एकच फोटो छापतात, बाई."

"मंग गोयाचा लावा."

"लेख परत येईल. तुमची डॉक्टरेट जाईल, कळतंय का?"

"कयते ना. पण एक सांगू? बापापासून वांगे नेलेली एक बाई दुसऱ्या बाजारी परत आली. भांडली नाई. किडके वांगे आमच्या म्होरं ठेवले न निंगून गेली. बापानं दिवसभर मान वर नाई केली. रचले होते मी! आता हा फोटू पाहून कोणी आपली पूड टाकीत भरन, न चार दिवसात ते बंद पडन. तो ते पूड कोणाच्या म्होरं नेऊन ठेवन, सर?"

मी भडकलो. "तुमच्या या बाजारी हट्टापायी माझी नोकरी जाणार!" असं बोलून गेलो. बाजारी म्हणालो मी. त्यांनी लेखात बाराही फोटोंचा हिशेब लिहिला आणि गोळ्यांचा फोटो लावला. लेख परत आला. मी पुण्याला दुसरी नोकरी धरली आणि निघताना मोहरीची एक प्लेट गुपचूप खिशात टाकली. तिचा मोठा फोटो करून माझ्या खोलीत लावला. तीस वर्षं विद्यार्थी तो बघून वाहवा करत आले, आणि मी करू दिली. बाई शेवटपर्यंत डॉक्टर झाल्या नाहीत.

त्या गेल्याचं कळलं तेव्हा धाडला गेलो. त्यांच्या भाच्यानं एक लाकडी पेटी हातात दिली. "आत्यानं तुमच्यासाठी ठेवली होती." आत खाचांमध्ये एकावर एक प्लेटा. वरच्या नऊ गोळ्यांच्या. त्याखाली दोन मोहरीच्या. तळाची खाच रिकामी, आणि तिच्यात बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी: 'बारावी सरापाशी हाय.'

म्हणजे पहिल्यापासून माहीत होतं त्यांना. तीस वर्षांत एका पत्रानं विचारलं नाही. मला त्यांच्या ओसरीवरच रडू फुटलं, लाज कसली धरायची आता!

पुण्याला येऊन भिंतीवरचा फोटो उतरवला आणि ती प्लेट तळाच्या खाचेत ठेवली. आता कुणी बघायला आलं की मी वरच्या नऊ आधी दाखवतो.